माझ्याविरुद्धचा अर्ज

चामोर्शीच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवत होते. पहिल्या वर्षाला आलेल्या, पण चार ओळी सलग लिहिता न येणाऱ्या सोळा मुलामुलींसाठी जादा तास निघाला आणि तो माझ्या गळ्यात पडला. पहिला विषय दिला, 'माझा अविस्मरणीय प्रवास'. वह्या आल्या. सोळाही जण कोकणात गेले होते आणि सगळ्यांचं स्वागत त्याच फेसाळत्या लाटांनी केलं होतं.

जंगलाकडच्या गावाहून बसनं येणाऱ्या एका मुलीला मी उभं केलं.

"समुद्र कसा वाटला गं?"

"मले काय माहीत मॅडम? मी मार्कंड्याच्या जत्रेपुढे कुठी गेलीच नाई."

"मग लिहिलंस कशाला?"

"तुम्ही मागितलं म्हणून."

मी निबंध बंद केले. नवीन काम दिलं : तुम्हाला खरोखर ज्याचा त्रास होतो, त्यावर अर्ज लिहा. तो त्रास जो दूर करू शकतो, त्याच्या हातात स्वतः नेऊन द्या. काम झालं तर दहापैकी दहा. ही कल्पना मला इतकी आवडली की स्टाफरूममध्ये मी ती दोनदा सांगितली.

आठवड्यानं प्राचार्यांनी बोलावलं. समोर वहीचा फाडलेला कागद होता. त्यांनी तो सावकाश वाचून दाखवला.

"मराठीच्या मॅडम चांगल्या शिकवतात. पण घंटा झाल्यावर 'शेवटचं एक सांगते' म्हणतात आणि तीन सांगतात. आमची बस पावणेचारला आहे. त्यानंतरची सहाला. मागच्या पंधरा दिवसांत आम्ही पाच जणी चारदा स्टँडवर बसून राहिलो. तरी मॅडमना घंटा ऐकू यावी अशी व्यवस्था करावी, ही विनंती."

खाली त्याच मुलीची सही होती.

"ऐकू येते ना घंटा?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, हा गृहपाठ मीच दिला होता."

"म्हणजे तुमच्याविरुद्ध अर्ज करायला तुम्हीच शिकवलं?" त्यांना मजा वाटत होती, हे लपत नव्हतं. समासात त्यांनी लाल शाईनं लिहिलं, 'संबंधितांनी लेखी खुलासा द्यावा.'

मी दोन पानी खुलासा लिहिला. त्यात अभ्यासक्रमाची व्याप्ती होती, विद्यार्थिहित होतं. पाठवण्याआधी त्या मुलीला वाचायला दिला. तिनं पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत वाचला.

"चांगला हाये मॅडम. पण तुम्ही उशीर करता का नाई, ते इथी लिहिलंच नाई."

मी कागद फाडला आणि नवा लिहिला : 'मी उशीर करते. यापुढे करणार नाही.' पुढच्या तासाला घंटा झाली तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं. सोळा चेहरे माझ्याकडे बघत होते. मी ते वाक्य गिळलं. पाचही जणींनी दप्तरं उचलली. तिच्या नावापुढे मी दहा गुण मांडले.

मग बाकीच्यांनाही चेव आला. एकीनं घरी वडिलांनाच अर्ज दिला : धानकापणीच्या दिवसांतही शनिवारी कॉलेजात जाऊ द्यावं. वडील ग्रामपंचायतीत बसणारे. त्यांनी त्याच कागदामागे उत्तर दिलं, 'अर्ज मिळाला. विचार सुरू आहे.'

तो कागद तिनं वर्गात आणला. आम्ही अख्खा तास त्या दोन वाक्यांवर घालवला आणि सगळ्यांनी मिळून स्मरणपत्र लिहिलं. दुसऱ्या स्मरणपत्रानंतरच्या शनिवारी ती आली, हातावर धानाची कुसं तशीच होती.