तिच्या नावाचा रुपया

मी यांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात आमच्याकडं पहिलीच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली छोटी मूर्ती, घालतात. माझ्या गळ्यात टाकाऐवजी चारमिनारचा चांदीचा रुपया होता, कडी डागून काळ्या दोऱ्यात ओवलेला. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग नेसायचं. सणाचा घास आधी त्याला दाखवायचा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिला विचारल्याशिवाय काही केल्याचं आठवत नाही.

हे येडशीला शाळेत मास्तर होते. निजामाचे हाली रुपये चलनातून उठले तेव्हा लोक ते सोनाराकडं आटवायला नेऊ लागले, आणि यांना जमवायचा नाद लागला. एकेक नाणं कागदाच्या पुडीत, पुड्या सागवानी पेटीत. नाणं कडेला धरायचं, मध्ये बोट टेकवायचं नाही, चिंचेनं घासायचं तर नाहीच. पुडीवर बारीक अक्षरात लिहीत: चांगलं, बरं, झिजकं. पेटी मी वरून पुसायची, उघडायची नाही.

एकदा बार्शीहून रेल्वेनं यांचे एक जाणकार स्नेही नाणी बघायला आले. मी चहा ठेवायला वाकले आणि रुपया पदराबाहेर आला.

"वहिनी, जरा थांबा. मास्तर, ह्या चारमिनारच्या कमानीतलं अक्षर बघा! असला रुपया तुमच्या पेटीतसुद्धा नाही."

माझे कान तापले. हे म्हणाले, "काढ बघू. तिच्या नावाचा दुसरा टाक करून आणू."

आतून सासूबाई ओरडल्या, "आरं, गेलेल्या बायकूला बी कोंडतूस व्हय? पेटी हाय का मसनवटा?"

दोरा लग्नापासून उतरला नव्हता. यांचा शब्द मोडावा की तिचा, कळेना. शेवटी काढून दिला.

पाहुण्यांनी भिंग लावलं, कड फिरवून पाहिली, फरशीवर टाकून आवाज ऐकला. मग हळू म्हणाले, "चांदी खरी आहे, नाणं खोटं. टांकसाळीतलं नाही, कुणीतरी साच्यात ओतलंय. हा बघा कडेचा सांधा."

चांदी खरी आणि नाणं खोटं, हे कसं ते मला समजेना. मग मी इतकी वर्षं घास दाखवले ते कुणाला?

यांनी रुपया पाहुण्यांच्या हातून घेतला. "तिच्या वडलांनी लग्नात दिलेला," म्हणाले. "त्यांनाही ठाऊक नसेल." मग पेटी उघडून 'चांगलं' लिहिलेली एक पुडी सोडली. आतला रुपया कुणी हातच लावला नसावा असा होता. "ह्याला कडी डागून घेऊ."

पाहुणे दचकले. "मास्तर, डाग दिला की ते नाणं गेलं! पेटीतलं सगळ्यात चांगलं हेच आहे."

"जाऊ द्या."

परक्या माणसापुढं मी कधी बोलत नसे. पण त्या दिवशी बोलले, "हाच असू द्या," आणि खोटा रुपया यांच्या हातून घेऊन गळ्यात घातला.

"शानी हाय पोर," सासूबाई म्हणाल्या. "बापानं दिलेलं हाय, तिच्याजवळच ऱ्हाऊ दे."

मी तिचा मान राखला असं सगळ्यांना वाटलं. मलाही आधी तसंच वाटलं. पण यांनी ती पुडी मुडपून परत ठेवली तेव्हा मला हायसं वाटलं. ते वडलांची वस्तू तिच्यापाशी राहिली म्हणून, की यांचं सगळ्यात चांगलं नाणं तिला मिळालं नाही म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही.