हातावर हात पडल्यावर

"बसून उठू दे."

कोणतीही वस्तू समोर आली की आबा खांद्यावरचं उपरणं उजव्या हातावर घेत आणि एवढंच म्हणत. उभ्या जनावराला किंमत नसते, ते बसताना आणि उठताना बघावं, असं त्यांचं म्हणणं. कुठला गुडघा आधी टेकतो, उठताना मागचा पाय कापतो का, तिथं सगळं उघडं पडतं. आयुष्यभर बैलबाजारात दलाली केलेला माणूस. तुमच्याही गावात असा एखादा असेल बघा, ज्याला नेल्याशिवाय कुणी साधी सायकलही घेत नाही.

बाजार ओसरले तसे ते माझ्याकडे येऊन बसू लागले. कोल्हारला मनमाड रस्त्यावर माझा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा गाळा आहे. पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली मी. कुणाच्या बापाचं घेतलं नाही आणि भाव करताना कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. तोंडानं मी खराब आहे. आबांचं त्यानं काही अडत नव्हतं. गाळ्यापुढची खुर्ची त्यांची. गाडीसुद्धा ते बैलासारखीच बघत. "मागं चौघं बसवा, मग उतरवा," म्हणत. स्प्रिंगचा पाटा गेलेला असला की गाडी लगेच सांगायची.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा या गृहस्थांनी नवऱ्या मुलाला खुर्ची देऊ दिली नाही. "पाट द्या त्येला." पोरगं मांडी घालून बसलं, पोहे खाल्ले आणि हात न टेकता उठलं. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. जावई चांगला निघाला, हे मी आजही नाकारत नाही.

मग माझ्या डोक्यात तंबू शिरला. भंडारदऱ्याला पर्यटक येतात, पाण्याकाठी तंबूत राहतात. गाडीच्या टपावर उघडणारा तंबू, रूफटॉप टेंट म्हणतात त्याला, तिकडं नवा होता. एक जीप माझ्याकडे पडून होती. तिच्यावर तंबू चढवायचा, ती भाड्यानं द्यायची आणि जम बसला की गाळ्यावरची घासाघीस सोडून तिकडंच राहायचं. भिंगारला एका पोराच्या गोदामात स्वस्तातले तंबू आलेत असं कळलं. मी आबांना घेऊन गेलो.

मी काही आंधळा नाही. पोरानं तंबू उघडून दाखवला, मी चेन दहा वेळा ओढली. शिवणीवर बादलीभर पाणी ओतून आत हात फिरवला. गादी दाबली, पातळ होती, ती भावात धरली. शिडीवर स्वतः चढलो. आबा लांब उभे राहून बघत होते. मग उपरण्याखाली त्यांचा आणि त्या पोराचा हात गेला. बैलबाजारात भाव असा झाकून, बोटं दाबून ठरतो, पण पोराला बोटांची भाषा येईना. तो उपरण्याखालून मोठ्यानं आकडे सांगायला लागला. आबा वैतागले. "आरं, बोटानं बोल की! तोंड कशाला वाजवतो?"

भाव मात्र खाली आला. मी मनात धरला होता त्याच्याही खाली.

"आजून एकदा बसून उठू दे," आबा म्हणाले, म्हणजे मिटून पुन्हा उघडू दे.

"उठला की एकदा! आता काय लग्न लावायचंय त्याचं?" मी म्हणालो आणि पोराच्या हातावर हात मारला. त्याचं मन बदलायच्या आत सौदा पक्का केला. अशा वेळी थांबतो तो धंदेवाला कसला?

मग पोरानं बांधून देण्यासाठी तंबू मिटला. मी दोरी शोधत होतो. आबा बघत होते.

भंडारदऱ्याला पहिलंच गिऱ्हाईक नाशिकचं, नवरा-बायको आणि दोन मुली. तंबू उघडला, झकास दिसला. चौघं वर चढली आणि तंबूची जमीन डावीकडं कलली. मुली घसरून एका कोपऱ्यात. त्यांना वाटलं गंमत आहे, पुन्हा पुन्हा वर जाऊन घसरायला लागल्या. आई किंचाळून खाली आली. डावी बिजागरी वाकलेली होती. दिवस मावळायच्या आत ते कुटुंब हॉटेलात गेलं आणि जाताना नवरा जे बोलला ते सगळ्या काठानं ऐकलं. शेजारचा तंबूवाला म्हणाला, "शेठ, घसरगुंडी आणली व्हय?" त्या काठावर मी पुन्हा तोंड दाखवलेलं नाही.

परत आलो तो थेट खुर्चीपुढं उभा राहिलो.

"आबा, बिजागरी तुम्हाला दिसली होती?"

"दिसली हुती."

"कधी?"

"मिटताना. डावी बाजू आधी बसली, उजवी मागनं."

"मग तोंडाला कुलूप का लावलं?"

ते शांतपणे म्हणाले, "हातावर हात पडल्ता, शेठ. सौदा झाल्यावर खोड काढू न्हाई. दलालाचा धर्म हाय."

धर्म! माझ्या गाळ्यावर बसायचं, माझा चहा प्यायचा आणि धर्म त्या भिंगारच्या पोराचा सांभाळायचा. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते उठले, उपरणं झटकलं आणि गेले. मी खुर्ची आत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून ते रस्त्यापलीकडच्या एसटी थांब्यावर बसू लागले. एसटी कुठलीच पकडायची नसायची. मी इकडून बघायचो, ते तिकडून. मधून उसाचे ट्रॅक्टर जायचे. बिजागरी मी वेल्डिंग करून घेतली. तंबू कुणाला दिला नाही. विकायचा म्हटलं तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, इथं अडायचं.

एका सकाळी ते बाकावरून उठताना मी पाहिलं. आधी गुडघ्यावर हात, मग खांबाला, आणि डावा पाय मागं राहिला. त्यांनीच शिकवलेलं बघणं. गिऱ्हाईक तसंच सोडून मी रस्ता ओलांडला.

"आबा, डावा पाय ओढताय तुम्ही. चला, गाडी काढतो, दवाखान्यात दाखवू."

त्यांनी सवयीनं उपरणं हातावर घेतलं. हसले. "आता कशाला खोड काढता, शेठ? आमचा सौदा कवाच झालाय."

मी हात धरला, त्यांनी सोडवून घेतला. मी तिथं भर रस्त्यात त्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या मुलाला फोन केला, त्यालाही घातल्या. उपयोग झाला नाही. उसाचा हंगाम संपायच्या आत थांबा रिकामा झाला.

तंबू अजून जीपवर आहे, मिटलेला. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरतो. चूक त्यांचीच होती. मला दिसलं, मी बोललो. सौदा झाल्यावरही बोलता येतं.