बोट माझं, साखर तिची

सातव्या महिन्यात लेक बदलापूरला माहेरी आली आणि आठवड्याभरात सगळं बंद झालं. तिला गरोदरपणातला मधुमेह होता. उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टर मॅडमनी फोनवर नवी पद्धत लावून दिली. घरीच चार वेळा बोट टोचायचं, यंत्रावरच्या आकड्याचा फोटो पाठवायचा; इन्सुलिनचं पेन किती फिरवायचं ते त्या सांगणार. आकडा फार चढला तर मात्र भरती. त्यांच्या दवाखान्यात वरचा मजला कोरोनाच्या पेशंटांनी भरलेला. भरती म्हटलं की लेक पांढरी पडायची.

अशात बिल्डिंगमधल्या बायकांना डोहाळजेवण चुकवणं पटेना. जमता तर येत नव्हतं. मग प्रत्येकीने आमच्या दाराबाहेरच्या स्टुलावर डबा ठेवला, बेल वाजवली आणि पळाली. दारात माल टाकून पळणारे चोर मी जन्मात पाहिले नव्हते. त्यातली अर्धी करंजी मी लेकीला चारली. अर्धी असं मी सांगते. दीड होती.

जेवणानंतर दोन तासांनी आकडा आला एकशे अडुसष्ट. ती आत जाऊन रडत बसली. मी म्हटलं, तू पड, फोटो मी पाठवते. आणि नवी पट्टी लावून स्वतःचं बोट टोचलं. पन्नाशी उलटली तरी गोळी ठाऊक नाही, याचा मला केवढा तोरा. आकडा वाचायला चष्मा शोधायलाही थांबले नाही. फोटो पाठवला आणि ताक घुसळायला गेले.

मॅडमचा फोन थेट लेकीला आला. आकडा दोनशे बारा, संध्याकाळच्या जेवणाआधी चार युनिट वाढवा, उद्या सकाळी भरती व्हा. लेक गोंधळली. मग स्वतःच म्हणाली, रडण्याच्या भरात आपण चुकीचं वाचलं असेल. मी तिथेच उभी होते. एरवी माझं तोंड मिटत नाही.

संध्याकाळी ती पलंगावर बसून पेन फिरवू लागली. टक, टक, टक. तो वाढीव डोस गेला की तिची साखर कोसळणार, आणि पोटात बाळ.

"थांब. ते बोट माझं होतं."

तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फोन लावून माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, दीड करंजीसकट.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "एकदा एकशे अडुसष्ट आलं म्हणून मी कोणाला भरती करत नाही. विचारायचं तरी. और अब आप अपना इलाज शुरू करो."

बाळ सुखरूप आलं. हा किस्सा मी हातवारे करून सांगते, लोक पोट धरून हसतात. लेक तेवढ्यात उठून आत जाते. त्या दिवसापासून बाळंत होईपर्यंत ती पेन माझ्याकडे पाठ करून फिरवायची, आणि एकेक युनिट मोठ्याने मोजायची.