जोड नसलेली मूठ

माझ्या मामेसासऱ्यांच्या हातून या जगात एकही वस्तू एकटी जन्माला आली नाही. चपला जोडीनं मिळतात म्हणून चपलांच्या धंद्याबद्दल त्यांना आदर होता, आणि छत्री एकटीच मिळते म्हणून ते दोन छत्र्या घ्यायचे. आमच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून दोन सारखी घड्याळं दिली. एक बंद पडलं तर दुसरं असावं, हा हिशेब. दोन्ही अजून चालतात आणि दोन्हींत सात मिनिटांचं अंतर आहे, त्यामुळे आमच्या घरी वाजले किती यावर एकमत झालेलं मला आठवत नाही. त्यांना मुली झाल्या त्याही जुळ्या. मामी त्याला योगायोग म्हणायच्या, मामा मात्र अशा वेळी मिशीत हसायचे.

ही सवय त्यांना लागली धंद्यातून. धरमपेठेत त्यांच्या घरामागे टिनाची एक शेड होती, तिच्यात एक जुनं लेथ मशीन, आणि त्या मशीनवर मामा एकाच जातीच्या गाडीचे सुटे भाग बनवायचे. दोन माणसांची, बिनटपाची, बुटकी इंग्रजी गाडी. साहेब लोक जाताना या गाड्या विकून गेले, इकडच्या मालगुजारांनी आणि वकिलांनी त्या हौसेनं घेतल्या, आणि पुढं विलायतेतून सामान येणं बंद झाल्यावर सगळ्यांना एकदमच घाम फुटला. मामा तेव्हा एका कारखान्यात टर्नर होते. कोणीतरी एक झिजलेलं बुश, म्हणजे आसाभोवती बसणारी नळी, आणून दाखवलं, मामांनी तसंच दुसरं करून दिलं, गाडी चालली, आणि मामांची नोकरी गेली. म्हणजे त्यांनीच सोडली. एवढी देखणी गाडी एका बोटभर नळीवाचून अडून राहते हे पाहिल्यावर कारखान्यात मन लागेना, असं ते सांगायचे. मामी म्हणायच्या, "मन लागत नव्हतं ते लग्नाच्या आधीपासूनच."

भाग करायचा तर तो दोनदा करायचा. एक मालकाच्या गाडीत जायचा आणि त्याचा जुळा भाऊ तेलाच्या कागदात गुंडाळून, मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधून फडताळात. फडताळ भरलं तेव्हा मामींचं लोणच्याचं कपाट गेलं, मग गाद्या ठेवायचा माचा गेला. हे सगळं कशासाठी, ते घरात सर्वांना ठाऊक होतं. शेडबाहेर कडुनिंबाखाली त्याच जातीच्या गाडीचा एक सांगाडा उभा होता, भंगारवाल्याकडून आणलेला. बाहेरचा पत्रा, चार चाकं आणि आतून रिकामा इंजिनाचा ठोकळा. जुळ्या भागांनी तो भरायचा आणि स्वतःची गाडी उभी करायची, हे मामांचं स्वप्न. तोवर तसल्या दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायचं नाही, असा त्यांनी पणच केला होता. दुरुस्त झालेल्या गाडीचा मालक किती आग्रह करायचा, मामा, एक चक्कर मारून येऊ. मामा फाटकापाशी उभे राहून मान तिरपी करायचे आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिचा आवाज ऐकायचे, बस. "दुसरीत बसलो तं माही रुसन," म्हणायचे. गाडी चालवता त्यांना येत नव्हती, पण ही गोष्ट त्यांना कधी अडचणीची वाटली नाही.

त्यांचं मोजमापही जगावेगळं. गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात प्रत्येक भागाचं माप छापलेलं असायचं, मामा ते उघडून बघत नसत. मी एकदा कारण विचारलं. हातातलं काम खाली ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, पुस्तक म्हंजे लग्नातला फोटो हाय. वीस वर्सानं त्या फोटोवरून झंपर शिवलं तं बाईले होईन काय?" गाडी झिजते, ज्याची त्याची वेगळी झिजते, आणि भाग करायचा तो ती गाडी आज जशी आहे तिला बेतून. त्यासाठी ते झिजलेल्या भोकात बोट घालून डोळे मिटायचे. मायक्रोमीटर नंतर लावायचे, तोही बोटाचं बरोबर आहे ना एवढंच बघायला. मालकांनाही नाही नाही ते विचारायचे. एका वकिलांच्या गाडीचं डावीकडचंच, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या बाजूचंच, बुश झिजलेलं बघून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, वहिनींची तब्येत चांगली आहे वाटतं? वकीलसाहेब लग्न न झालेले. ते लाल झाले, आणि पुढच्या कामाला गाडी ड्रायव्हरबरोबर पाठवू लागले. वर्षभरानं त्यांची पत्रिका आली. मामांनी दोन आहेर नेले.

मला ते आठवतात ते मात्र हिवाळ्यातल्या दुपारचे. मी सरकारी नोकरीत, दौऱ्यावरून परतताना खात्याची जीप त्यांच्या दारात उभी करून आत जायचो. शेडच्या टिनाला पडलेल्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली आलेल्या, हवेत तेलाचा आणि संत्र्याच्या सालींचा वास, आणि मामा बाहेर निंबाखाली सांगाड्यात बसलेले. डोळे मिटलेले. सीटच्या जागी पोतं, स्टिअरिंगच्या जागी काहीच नाही, हातात पितळेची एक गोल मूठ. गियरच्या दांड्याची ही मूठ त्यांनी आपल्या गाडीसाठी सगळ्यात आधी केली होती, इंजिनाचा एकही जुळा भाग बाजूला ठेवायच्या आधी, स्वतःच्या तळहातावर बेतून. एवढी एकच वस्तू त्यांनी एकटी केली, कारण हिची मालकी दुसऱ्या कोणाकडे जायची नव्हती. चहा घेऊन मामी यायच्या आणि सांगाड्याच्या दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "कुठवर पोचले?"

"सावनेर गेलं," मामा डोळे न उघडता सांगायचे. कधी सौंसर आलेलं असायचं, कधी छिंदवाडा. एकदा ते पार पचमढीच्या घाटात होते आणि मामींना चहा हातात धरून बराच वेळ थांबावं लागलं, कारण घाटात हात सोडता येत नाही. ही थट्टा आहे असं दोघांच्याही चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. मी नवा जावई होतो तेव्हा मला हसू यायचं. नंतर नंतर मीही फाटक हळू उघडू लागलो.

या प्रवासात वीसेक वर्षं गेली आणि मामांचे डोळे अधू झाले. मायक्रोमीटरवरच्या रेघा एकमेकींत मिसळू लागल्या. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, आणि आत आणखीही काही बिघडलंय, ऑपरेशननंतरही बारीक काम जमेलच असं नाही, असं बजावलं. मामांनी बाहेरचं काम बंद केलं. आता गाडी जोडायची, डोळे पुरतील तोवर. लोणच्याचं कपाट रिकामं झालं, फडताळ रिकामं झालं, अंगणात चादरी पसरून त्यावर तेलाचे कागद उलगडले, आणि वीस वर्षांचे जुळे भाऊ पहिल्यांदा उजेडात आले. काय सुरेख दिसत होते. मामींनी कोणाला कळू न देता एक नारळ आणून ठेवला होता. मी रजा टाकून गेलो होतो.

पहिलंच बुश सैल बसलं. मामांनी दुसरं घेतलं, ते आत जाईना. पाण्याच्या पंपाचा आस घेतला, तो बुशात डगडगला. एक पिन हातोडीनं ठोकूनही शिरली नाही. मला वाटलं डोळ्यांमुळे चुकतंय, म्हणून मीही लावून पाहिलं. दुपारपर्यंत आम्ही अंगणातला जवळपास प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याला लावून बघितला, आणि मग मामा पोत्यावर बसले. त्यांना कळलं होतं. मला कळायला थोडा वेळ लागला. पुस्तकाला हात न लावता, ज्या त्या गाडीच्या झिजेला बेतून केलेले हे भाग होते. कोणी अमरावतीच्या गाडीचा, कोणी वर्ध्याच्या, कोणी त्या वकिलांच्या. प्रत्येक जण आपापल्या भोकाला अचूक होता, आणि म्हणूनच एकमेकांना परका होता. जन्मभर ज्या गोष्टीचा अभिमान धरला, नेमक्या त्याच गोष्टीनं मामांना दगा दिला होता. पुस्तकाच्या मापानं काम करणारा एखादा सामान्य टर्नर असता तर आज त्याची गाडी उभी राहिली असती. आणि नव्यानं करायला मामांकडे डोळे नव्हते.

मी काहीतरी बोलायला गेलो. मामा म्हणाले, "ज्याचं त्यालेच बसते, जावईबापू. मीच सांगत होतो नं." मला फार वाईट वाटलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मामींनी नारळ उचलून आत नेला आणि संध्याकाळी त्याची चटणी केली.

त्यानंतर मामा सांगाड्यात बसेनासे झाले. मूठ सदऱ्याच्या खिशात असायची, बाहेर निघायची नाही. चिठ्ठ्या वाचून वाचून माझ्याकडून त्यांनी सगळ्या मालकांना पोस्टकार्डं लिहवून घेतली. तुमच्या गाडीचे जोड माझ्याकडे आहेत, घेऊन जावे, काही देणे नाही. कोणाची माणसं आली, काहींच्या गाड्या केव्हाच मोडीत गेल्या होत्या, त्यांचं उत्तर आलं नाही. शेवटी एका सकाळी नरखेडकडचे एक संत्र्याच्या बागांचे मालक स्वतःच आले, आपल्या हिरव्या दोन सीटच्या गाडीतून. ही गाडी मामांकडे पहिल्यापासून यायची, आणि सगळ्यांत जास्त मोडायची, कारण मालक तिला बागेतल्या कच्च्या रस्त्यानंही पळवायचे.

त्यांच्या चिठ्ठीचं गाठोडं सगळ्यांत मोठं निघालं. उचलता उचलता ते थांबले, त्यांनी अंगणातला रिकामा सांगाडा पाहिला, मामींकडून काय झालं ते ऐकलं, आणि गाडीचं बॉनेट उघडून मामांना हाताला धरून तिथे नेलं. मग एकेका भागावर मामांचं बोट ठेवत गेले. हे तुमचं. हे तुमचं. हा आसही तुमचा. गियरचा दांडा मोडला तेव्हा तोही तुम्हीच करून दिला. मामांची बोटं त्या भागांवरून फिरत होती आणि प्रत्येकाला ओळखत होती.

"मामा," ते म्हणाले, "हिच्यात कंपनीचं आता पत्रा आन् नाव तेवढं उरलं. तुमची गाडी कवाचीच बनली. रोज नरखेडच्या रस्त्यानं पयते. तुम्हीच बसून नाही पाह्यलं."

मामांनी खिशातून पितळेची मूठ काढली, वाकून दांड्यावरची जुनी मूठ फिरवून काढली आणि आपली लावली. तीन आट्यांत ती घट्ट बसली. बसणारच, दांड्याचे आटे त्यांनीच पाडलेले होते.

मालकांनी किल्ली माझ्या हातात दिली. गाडी दोन माणसांची, त्यामुळे ते मामींजवळ फाटकाशी थांबले. मी जीप हाकणारा माणूस, इतक्या बुटक्या गाडीत रस्त्याला पाठ टेकल्यासारखं वाटत होतं. मामा माझ्या डावीकडे, त्यांनी बसताच डोळे मिटले आणि उजवा हात मुठीवर ठेवला. मी गियर टाकायला हात नेला तर ते म्हणाले, "तुम्ही फक्त क्लच दाबा." आणि खरंच, इंजिनाचा आवाज बदलायच्या बेतात आला की मी क्लच दाबायचो आणि ते न बघता गियर बदलायचे. आयुष्यात कधी गाडी न चालवलेल्या माणसाकडून एकदाही गियरचे दात करकरले नाहीत. फुटाळ्याच्या तलावाकडे वळलो तेव्हा पाण्यावरून गार वारा आला. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "सावनेर गेलं काय?"

मी म्हणालो, "हो, आत्ताच गेलं."

आम्ही परतलो तेव्हा मामी फाटकापाशी चहा घेऊन उभ्या होत्या. सवयीनं त्यांच्या तोंडून तेच आलं, कुठवर पोचले? मामांनी डोळे उघडले, गाडीतून उतरायला मामींचा हात घेतला आणि म्हणाले, "घरी आलो वं." मूठ त्यांनी काढून घेतली नाही. ती नरखेडला गेली.

आता मामा नाहीत. हिरवी गाडी आहे, आणि त्या दिवशी परत नेलेल्या गाठोड्यातले जुळे भाऊ एकेक करून तिच्यात बसत गेले, एकालाही कानस लावावी लागली नाही. संत्र्याच्या हंगामात मी नरखेडला गेलो की मालक मला किल्ली देतात. मी बागेच्या कडेकडेनं एक चक्कर मारतो. मूठ माझ्या हाताला मोठी होते आणि गियर बदलताना अजून थोडा आवाज होतोच.