फुकटचा गारवा

उन्हाळ्यात शहरातल्या कुठल्या बँकेचा एसी जोरात चालतो हे काकांना तोंडपाठ होतं. त्यांचं खातं मात्र त्यातल्या एकाही बँकेत नव्हतं. दुपारी ऊन चढलं की ते एखाद्या बँकेत शिरत, पैसे भरायची स्लिप उचलत आणि ती शांतपणे वाचत बसत. कुणी हटकलंच तर चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "आधी वाचू तर द्या." काकांना जाऊन दोन वर्षं झाली. अजूनही मे महिन्यात बँकेचं दार उघडून गार झुळूक अंगावर आली की मला त्यांची आठवण येते.

ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. उभं आयुष्य एसटीत कंडक्टरकी केली, त्यामुळे घरातसुद्धा जेवायला बसताना "पुढं सरका, पुढं सरका" करत. पैठण गेटजवळच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. पाहुण्यांना शहर दाखवणं हा त्यांचा छंद आणि त्यात पैसा खर्च न करणं ही प्रतिज्ञा. "पैसे टाकून तर कुणीबी मजा करतंय," ते म्हणत. "बिनपैशाची करून दाखवा!"

माझं लग्न झालं तेव्हा माझा खिसा इतका रिकामा झाला होता की महाबळेश्वरच्या गोष्टी मांडवातच संपल्या. अश्विनी साताऱ्याची, तिचा जन्म बऱ्यापैकी गार हवेत गेलेला. तिला मी भर मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला आणलं. काकांना फोनवर मी फक्त राहण्याचं विचारलं होतं. ते स्टँडवर टोपी घालून, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली घेऊन हजर! "तुम्ही काय बी काळजी करू नका," ते म्हणाले, "चार दिवस मी तुमच्यासंगंच हाय."

हे वाक्य त्यांनी अक्षरशः पाळलं. मकबऱ्यात आम्ही बाकावर टेकलो, तर काका आमच्या मधे येऊन बसले, कारण सावली मधेच होती. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेवर माझ्या मनात जरा आशा निर्माण झाली, पण तिथे काकांनी मोबाइलची बॅटरी लावून तो सदऱ्याच्या खिशात उभा ठेवला आणि एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं तिला धरलं. वेरूळला जाताना एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं याचा तर त्यांना एवढा आनंद झाला, की शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "आमची सूनबाई लई गुणाची." खायला काकूंचे धपाटे आणि दही. काकू पहाटे उठून डबा भरायच्या, दारापर्यंत यायच्या आणि आत जायच्या. त्या आमच्याबरोबर कधीच आल्या नाहीत आणि आम्हीही, खरं सांगायचं तर, विचारलं नाही.

अश्विनी सगळ्याला "छान आहे" म्हणत होती. मकबरा छान आहे, लेणी छान आहेत, धपाटे छान आहेत. नव्या बायकोच्या "छान आहे"ला घाबरायचं असतं, एवढं मला तिसऱ्या दिवशी समजलं. मला फक्त तासभर हवा होता, आमच्या दोघांचा. आपण अगदीच दळभद्री माणसाशी लग्न केलेलं नाही, हे तिला पटवायचं होतं. पण काका हलायला तयार नव्हते.

त्या दुपारी ऊन असं काही तापलं की डांबर चपलेला चिकटायला लागलं. नेमका दुसरा शनिवार, बँका बंद. काकांनी क्षणभर विचार केला आणि आम्हाला सरळ एका मोठ्या कापड दुकानात घुसवलं. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्यांची आमच्याकडे जावयासारखी सरबराई होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गादीवर बसत ते म्हणाले, "पुढं सरका."

"आओ चाचा, बैठो," विक्रेता धावत आला. "बस्ता है क्या? शादी किसकी है?"

"शादी यांचीच," काकांनी आमच्याकडे बोट दाखवलं. यात खोटं काहीच नव्हतं. ती होऊन गेलीय, एवढं सांगायचं राहिलं.

अश्विनीकडे बघायचं मला धाडस होईना. बघितलं, तर ती मंगळसूत्र हळूच ओढणीखाली सरकवत होती.

मग सरबत आलं, चहा आला, समोसे आले. साड्यांचा डोंगर झाला. काका एसीच्या झोताखाली मांडी घालून डुलत होते आणि माझी नवी बायको एकेक साडी नापास करत होती. "हिचा काठ बघा. ही जावेला दिली तर जाऊ वर्षभर बोलायची नाही." "ही आत्येसासूला? मग मांडवातूनच उठून जातील त्या." मला ना वहिनी, ना आत्या. शेवटी विक्रेत्यानं घाम पुसत कॅल्क्युलेटर ओढला तेव्हा काकांचं डुलणं थांबलं. पण अश्विनी उठून उभी राहिली.

"दादा, घरातली मोठी बाई नसताना बस्ता बांधतात का कुठं? काकूंना घेऊन येतो ना."

"बराबर है," तो बिचारा म्हणाला. "चाची को लेके आओ."

बाहेर आल्यावर ती इतकी हसली, की रस्त्याकडेच्या पायरीवर बसावं लागलं. लग्नानंतर तिला मी तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. काका मात्र घाबरले. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

रात्री जेवताना अश्विनीनं काकूंना सगळं नकलांसकट सांगितलं. काकू हसल्या नाहीत. भाकरी वाढत म्हणाल्या, "माझा बस्ता माझ्या बापानं एकट्यानं बांधला. त्यानं आणलं ते मी नेसले. आन् ह्यांनी तर दुकानाच्या पायरीला बी नेलं नाय कधी. अशी मधी बसवून साड्या दाखवत्यात व्हय गं?"

काकांनी ताक मागितलं. ताक त्यांच्या पुढ्यातच होतं.

चौथ्या दिवशी आम्ही उठलो तर घरात कुणी नाही. शेजारच्या बाईंनी किल्ली दिली आणि सांगितलं, दोघं बाहेर गेलेत. अखेर आम्ही एकटे होतो! पाणचक्कीपाशी झाडाखाली जाऊन बसलो. मी तीन दिवस घोकून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. "मी काही अगदीच..." "माहितीये मला," अश्विनी म्हणाली आणि तिनं माझा हात हातात घेतला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"सूनबाई," पलीकडून काकांचा दबका आवाज, "लई घोटाळा झालाय. काकूला घेऊन त्या दुकानात आलो. म्हणलं नुसतं बसू, चहा घेऊ. तर ही खरंच घ्यायली!"

"मग घेऊ द्या की, काका."

मागून विक्रेत्याचा आवाज येत होता आणि कुणी बाई मोकळेपणानं हसत होती. त्या काकू आहेत हे आम्हाला जरा उशिरा कळलं.

"जांभळी खांद्यावर टाकून आरशात बघायली," काका म्हणाले. "ती अशी दिसती, हे मला कुठं माहीत होतं गं."