आबांनी न मारलेलं डुक्कर

"बाई, त्ये डुक्कर कुठं हाय?"

एडिटिंग रूमच्या दारात सोपानआबा उभे होते. खुटबावचे शेतकरी. दौंडहून गाडीत बसून थेट मुंबईला, आमच्या टीव्ही केंद्रावर आलेले. वॉचमननं अडवलं तर त्याला म्हणाले, "तुमच्यातल्या बाईनं माझ्या नावावर डुक्कर मारलंया."

बाई म्हणजे मी. प्रोडक्शन असिस्टंट. सत्तरच्या दशकातली गोष्ट. युनिट लहान, त्यामुळे शूटिंगला मीच, एडिटिंगलाही मीच. वय चोवीस. अक्कल वयाच्या मानानं कमी, पण टेचात अजिबात कसर नव्हती.

तर झालं होतं असं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी आम्ही खुटबावला रानडुकराची शिकार शूट करायला गेलो होतो. डुकरं ऊस फस्त करायची म्हणून आबांनी रीतसर परवाना काढलेला. हाका ठरला. हाका म्हणजे गावानं डबे, ताशे बडवत उसातून डुक्कर बाहेर काढायचं आणि बांधावर ठासणीची बंदूक घेऊन एकानं थांबायचं. आमचा कॅमेरा चावीचा. चावी दिली की अर्धा मिनिट चालणार, मग पुन्हा चावी.

सकाळभर डबे वाजले. कुत्री भुंकून दमली. डुक्कर पलीकडच्या अंगानं कधीच निघून गेलं होतं.

"आज त्येचा दिस हुता," आबा म्हणाले आणि भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसले. सगळे मजेत जेवले. मी सोडून.

"आबा, पुन्हा एकदा हाका घालूया का?"

"त्याला सांगावा धाडा. आला म्हागारी तर घालू."

केंद्रावर प्रोड्यूसरसाहेबांनी रिळं बघितली. "शिकारीत शिकारच नाही? लग्न लावून आलीस आणि नवरदेव विसरलीस?"

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मग मी लायब्ररीत गेले. तिथे स्टॉक शॉट असतात, म्हणजे जुन्या फिल्ममधले, पुन्हा वापरायला ठेवलेले तुकडे. एका परदेशी फिल्ममध्ये रानडुक्कर धावत येत होतं, गोळी लागून कोसळत होतं. आबांनी मला बंदूक कशी धरतात ते दाखवलं होतं, तो शॉट माझ्याकडे होताच. कात्री घेतली. आबांनी नेम धरला, ठो, डुक्कर आडवं! मागे ढोल लावले. साहेब म्हणाले, "याला म्हणतात शिकार." मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

आणि आता आबा दारात.

"आबा, डुक्कर नव्हतंच की तिथं! तुम्हाला माहितीय."

"मला ठाव हाय. गावाला कुठं ठाव हाय? ते म्हंत्यात, टीव्ही खोटं दावंल व्हय?"

मग त्यांनी मला शिकारीची रीत सांगितली. ती मी शूटिंगच्या दिवशीच विचारायला हवी होती. हाक्यातल्या प्रत्येकाला सारखा वाटा. कुत्र्यांनाही. आणि वाटे पडायच्या आधी ज्यानं ज्यानं जनावर पडलेलं बघितलं, मग तो वाटेनं जाणारा परका का असेना, त्यालाही.

"चावडीवरल्या टीव्हीम्होरं आख्खं गाव बसलं हुतं. वरवंडची मानसं हुती. शिरूरहून माझा व्याही आला हुता. समद्यांनी पडलेलं बघितलं. आता म्हंत्यात, आबानं मागनं जाऊन एकट्यानं खाल्लं. हाक्याला मानूस येईना बाई. डुकरं रोज उसात हायती."

मला हसू आलं. आबांचा चेहरा बघून ते गिळलं.

रविवारी मी खुटबावच्या चावडीवर. हातात फिल्मचे तुकडे. चावडी गच्च भरलेली, आबांचे व्याही फुगून पुढच्या रांगेत. मी तुकडे उजेडात धरून दाखवले. हे आबा, हा कात्रीचा काप, हे डुक्कर.

"म्हंजी आबानं गोळी घातलीच न्हाई?" व्याह्यांनी विचारलं.

"नाही."

"पन डुक्कर तर मेलं?"

"मेलं. पण परदेशात. फार वर्षांपूर्वी."

"मग आमच्या शिवारात कुनी पाडलं त्याला?"

"...मी."

मग आबांची थोरली बहीण, सखूआत्या, खांबाला टेकून बसली होती ती म्हणाली, "मग शिकार हिची. वाटं हिनं घालायचं."

जो हशा झाला तो बहुतेक वरवंडला ऐकू गेला असावा. निदान तिथल्या हलवायाला तरी. कारण तासाभरात मी त्याच्याच दारात होते. डुकराच्या जागी शेव आणि जिलबी.

वाटे मात्र रीतीप्रमाणे पडले. पळसाच्या पानांवर सारखे ढीग. सखूआत्या पाठ करून बसली. आबा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचे, "ह्यो कुनाचा?" आणि ती न बघता नाव घ्यायची. मोठा ढीग हेरून कुणाला द्यायची सोयच नाही. कुत्र्यांनी शेव खाल्ली. व्याह्यांनी जिलबी खाल्ली, आणखी मागितली आणि आबांना म्हणाले, "पुढल्या हाक्याला मी बी येतो."

पुढच्या हाक्याला गाव आलं. डुक्कर तेव्हाही निसटलं म्हणे, पण भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्ली.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून म्हणाले, "बरं झालं, हत्ती नाही मारलास."

आता नातू शिकारीचे कार्यक्रम लावतो. गोरा माणूस कॅमेऱ्याकडे बघून कुजबुजतो, गोळी झाडतो, जनावराशेजारी बसून हसतो आणि संपलं. मी म्हणते, "अरे, वाटे कधी घालणार?" नातू म्हणतो, "आजी, तो शो आहे."

तेच तर मला चोविसाव्या वर्षी वाटत होतं. पडद्यावर कुणाला आडवं करायचं असेल तर आधी प्रेक्षक किती ते बघावं, आणि मग हलवाई गाठावा.