मामांचा चुकलेला अंदाज

औरंगाबादेत एके काळी सकाळी सुरू होताना जेवढ्या मोटारी किंचाळायच्या, त्या सगळ्यांचं दुखणं खऱ्या अर्थानं एकाच माणसाला कळायचं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. त्यांच्याकडं स्वतःची मोटार नव्हती. चालवताही येत नव्हती. सगळी नोकरी गेली पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर, यंत्रांची घरघर ऐकत. त्यात कान असा तयार झाला की सिडकोतल्या घरी ओट्यावर दाढी करताना गल्लीच्या टोकाला गाडी चिरकली तर वस्तरा जागच्या जागी थांबायचा. "डाक्टरसाहेबांचा पट्टा ढिला झालाय," असं आरशाला सांगून ते दुसऱ्या गालाकडं वळायचे. एकदा आम्ही एका घरी दुखवट्याला बसलो होतो. बाहेर कुणाची तरी गाडी किंचाळली आणि मामांनी डोळे मिटून मान हलवली. घरच्या म्हातारीला वाटलं, यांना भरून आलं. तिनंच उलट धीर दिला, "असं करू नका भाऊ, चालायचंच." मामा डोळे न उघडता म्हणाले, "चालंल की, अजून दोन महिने चालंल. पण ताण द्यायला पायजे."

कुणी गाडी दाखवायला आणली की आधी मालकाला गप्प करायचं. "तुम्ही नका सांगू, तिला सांगू द्या." मग घरातला कुकर उतरवायला लावायचं. मामी आतून ओरडायच्या, "त्या पट्ट्यापायी माझी डाळ रोज कच्ची राहती!" मग गाडीचे दिवे लावायचे. दिव्यांनी किंकाळी वाढली, तर अल्टरनेटरवर, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या त्या डब्यावर, भार आला की त्याला फिरवणारा इंजिनावरचा पट्टा घसरतोय. मग तांब्यातलं पाणी थेंबथेंब फिरत्या पट्ट्यावर. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पट्टा ज्यांवर फिरतो ती चाकं एका रेषेत नाहीत. पाण्यानं उलट चढला तर पट्टा सैल. आणि सगळ्यात शेवटी लाटणं. एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरं कानाशी. आतलं बेअरिंग खराब असलं तर लाटण्यातून खरखर ऐकू येते म्हणे. मामींनी एका लाटण्याला लाल दोरा बांधून ठेवला होता, पाहुण्यांच्या पोळ्या चुकून त्यानं लाटल्या जाऊ नयेत म्हणून.

मला ते जावईबापू म्हणत. भाचीचा नवरा म्हणजे जावईच, आणि त्या घरात जावयाचा शब्द कुणी खोटा पाडायचा नाही असा दंडक होता. मी एकदा गप्पांत जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं सोयगाव उचलून वैजापूरच्या शेजारी नेऊन ठेवलं, तर सगळं घर "व्हय, व्हय" म्हणालं. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

आता जे इतकी वर्षं टाळलं ते सांगतो. माझी गाडी जुनी, आधी दोघांनी वापरलेली. ती ओरडायला लागली तेव्हा मामांनी लाटणं लावून पाहिलं. म्हणाले, "जावईबापू, पट्टा नुसता रडतोय, मारणारा आत बसलाय. बेअरिंग धरतंय. अल्टरनेटर खोलून घ्या, नुसता पट्टा बदलू नका." त्यासाठी गाडी दोन दिवस गॅरेजात ठेवावी लागली असती, आणि त्या रविवारी ऑफिसातल्या मंडळींना अजिंठा दाखवायचं मी कबूल केलेलं. मी पट्टा बदलला. आवाज गेला. मला तेवढं पुरलं.

पुढच्याच आठवड्यात वैजापूरला मामांच्या मुलीचं लग्न होतं. नवरीला माझ्या गाडीतून न्यायचं ठरलं. लासूरच्या पुढं बेअरिंग जाम झालं, पट्टा जळून तुटला, इंजिन उकळलं, आणि शालू नेसलेली नवरी कांद्याच्या टेम्पोत बसून मांडवात पोचली. मुहूर्त टळला होता. माझी गाडी मागून ट्रॅक्टरला बांधून आली. नवरदेवाचा चुलता मामांना म्हणाला, "काय हो पाव्हणं, साऱ्या जिल्ह्याच्या गाड्यांची नाडी बघता म्हणं. घरचीच नाय कळली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मामांना दाखवली होती. त्यांनी सांगितलं तसा पट्टा बदलला."

हे अर्धं तरी खरं आहे, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. ते खोटं होतं.

मामा गाडीपाशी गेले. बॉनेट उघडून अल्टरनेटरची चाकी बोटानं फिरवून पाहिली. फिरली नाही. त्याच्या झाकणाच्या नटांवरची जुनी धूळसुद्धा कुणी हलवली नव्हती. त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. बॉनेट खाली करून ते म्हणाले, "माझाच अंदाज चुकला. जावईबापूंनी मी सांगितलं तेच केलं."

वऱ्हाड परतायच्या आत ही गोष्ट सिडकोत पोचली. मामांचा कान गेला, असं लोक म्हणायला लागले. गाड्या यायच्या बंद झाल्या. गल्लीत एखादी किंचाळलीच तर मामा रेडिओ मोठा करत.

सात-आठ वर्षांनी धीर करून मी त्यांच्याकडं गेलो. ते ओट्यावर शेंगा फोडत होते. मी म्हणालो, "मामा, मी अल्टरनेटर खोललाच नव्हता." दोनदा सांगावं लागलं. मला वाटलं, मुद्दाम वदवून घेतायत.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीच्या मांडवात जावयाला खोटं पाडू? काय बोलताय!"

"मी सांगतो सगळ्यांना. आजच सांगतो."

त्यांनी माझा हात धरला. "नाय. लोक परत गाड्या घेऊन येतील, जावईबापू. आता मला खरंच ऐकू येत नाय. शब्द द्या."

मी शब्द दिला. कान चांगला होता ती वर्षं त्यांनी रेडिओपाशी बसून काढली, हे मला तिथं शेंगांची टरफलं गोळा करताना कळलं.

मामा जाऊन आता बराच काळ झाला. गल्लीतले जुने लोक अजून त्यांची आठवण काढतात. माणूस लई भला, पण वैजापूरला फसला, म्हणतात. ते फसले नव्हते. मामांनी सांगितलेलं मी पहिल्यांदा मोडलं ते त्या लग्नाआधी, आणि दुसऱ्यांदा मोडतोय ते आज.